विहिरीला त्रैराशिक कळत नाही

भुईगावला माझ्या मामाची वाडी होती. केळी, पानवेली, बांधावर नारळ आणि मधोमध विहीर. माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता, मी मास्तर झालो तोवर पंप आला होता. १९८५च्या उन्हाळ्यात मामाकडे एक टँकरवाला आला. वसई रोड स्टेशनच्या आसपास, आमच्या माणिकपुरातही, भराभर इमारती उठत होत्या. त्यांना पाणी पुरत नव्हतं आणि वाड्यांतलं गोडं पाणी विकत जाऊ लागलं होतं. मामाने आधी रोज दोन टँकर देऊन बघितले. संध्याकाळी पाणी हातभर खाली गेलेलं दिसायचं, सकाळी पुन्हा जागेवर. मग टँकरवाला म्हणाला, रोज सहा द्या.

मामा माणिकपूरला आमच्या घरी आला. ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, "तू गणिताचा मास्तर ना? मग सांग, सहा द्यावे का?"

मी शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. बी.एस्सी. गणित, नंतर बी.एड. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं : दोन टँकरला एक हात, तर सहा टँकरला किती? तीन हात. विहिरीत पाणी नऊ हात. रात्रीतून भरतं. "दे की मामा," मी म्हणालो, "काही बिघडत नाही."

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागलं. आधी चहा फाटला. मग पानवेलीची पानं पिवळी पडली, केळीच्या पानांच्या कडा करपल्या. टँकर तर केव्हाच बंद झाला होता, खारं पाणी कोण घेणार? मामा मला एका शब्दाने टाकून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तुझं गणित बरोबर होतं रे. विहीर चुकली."

हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात घेऊन जात होतो. कारण गणित बरोबर नव्हतं. गुणाकार बरोबर होता. ह्या दोन्हींत फरक असतो, तो मला ठाऊक असायला हवा होता आणि आपल्या पोरांना तो कुणी वेळेवर सांगत नाही. त्याबद्दलच मला भांडायचं आहे.

आधी विहिरीत काय झालं ते सांगतो. समुद्रकाठच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेलाचा थर पाण्यावर राहावा तसं. डच अधिकारी घायबेन आणि जर्मन इंजिनिअर हर्झबर्ग यांनी १८८९ आणि १९०१च्या सुमारास, एकमेकांपासून वेगवेगळं, त्याचं माप काढलं. ढोबळ नियम असा, की समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी जेवढं वर, त्याच्या साधारण चाळीस पट ते खाली पसरलेलं असतं. आता हा नियम उलटा वाचा. वरून पाणी एक हात उतरलं आणि उतरलेलंच राहिलं, तर खालून खारं पाणी चाळीस हात वर सरकतं. मामाने विहिरीत डोकावून बघितलं तो एक हात. खालचे चाळीस कुणाला दिसणार? खारं पाणी विहिरीच्या तळाला भिडेपर्यंत पाण्याची चव जराही बदलत नाही. दोन वर्षं आलेख आडवा, सरळ, निवांत. मग एकदम उभा.

टँकर तिप्पट तर पैसे तिप्पट, हे खरं होतं. टँकर तिप्पट तर खारेपणा तिप्पट, असं काही नव्हतं. ह्या दोन नात्यांचे आकार वेगळे होते आणि मी दोघांनाही एकाच त्रैराशिकात बसवलं. कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे आणि त्या अवलंबून असण्याचा आकार कसा आहे, ह्या प्रश्नाला गणितात नाव आहे : फलन. इंग्रजीत फंक्शन. मला त्याची व्याख्या तोंडपाठ होती. कॉलेजात तिच्यावर मार्क मिळवले होते. पण मामा ओटीवर बसला तेव्हा ती व्याख्या माझ्या मदतीला आली नाही, सातवीतलं त्रैराशिक आलं. माणसाच्या हाताला लहानपणी जे वळण लागतं तेच अडीअडचणीला पुढे येतं.

आता आपल्या शाळेकडे बघा. आठवीला 'चलन' नावाचा धडा असतो. त्यात दोन प्रकार : सम चलन आणि व्यस्त चलन. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं, नाहीतर त्याच पटीत घटतं. नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणं, म्हणजे पुन्हा सरळ रेषा. दहावीला वर्गसमीकरण सोडवतात, पण त्याचा वक्र कागदावर काढून बघणारी पोरं विरळाच. 'फलन' हा शब्द भेटतो अकरावीला, तोही गणित घेणाऱ्यालाच आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. जो कला शाखेला गेला, आयटीआयला गेला, होडीवर गेला, वाडीत राहिला, त्याला शाळेने जगात दोनच आकार असतात असं शिकवून बाहेर काढलं. आणि पाणी, खत, कर्ज, औषध या सगळ्यांचे वाकडेतिकडे आकार जन्मभर हाताळायचे असतात ते त्यालाच.

यावर मला शिक्षकमित्र म्हणतात, "अहो, पोरांना साधं त्रैराशिक धड येत नाही, तुम्ही फलन काय घेऊन बसलात?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. साठ-सत्तर पोरांचा वर्ग, पोर्शन संपवायची घाई, मी सगळं भोगलंय. पण माझा अनुभव उलटा आहे. त्रैराशिक कुठे चालतं हे पोराला कळायला हवं असेल, तर ते कुठे चालत नाही हेही त्याला दिसलं पाहिजे. ज्याने फक्त आंबेच बघितलेत त्याला आंबा म्हणजे काय ते सांगता येत नाही, तो प्रत्येक फळाला आंबा म्हणतो.

आणि चालत नाही अशी उदाहरणं शोधायला कुठे लांब जायचंय? एसटीचं भाडं घ्या. सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्प्याच्या आत तुम्ही दोन किलोमीटर जा की पाच, भाडं तेच. टप्पा ओलांडला की भाडं एकदम एक पायरी वर. आलेख काढा, जिना तयार होतो. घरचं विजेचं बिल घ्या. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढच्या युनिटांना चढा दर. दोनशे युनिटांचं बिल शंभरच्या दुप्पट येत नाही, जास्त येतं. आलेखाची रेषा शंभरपाशी मोडते आणि जास्त उभी होते. आठवीतल्या पोराला हे कळत नाही असं ज्याला वाटतं, त्याने बिल भरायच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला विचारून बघावं.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, नायगावच्या कोळीवाड्यातला. गणितात कच्चा. चाचणीत शंभरात बारा मार्क. एकदा मी सहज विचारलं, "आज भरती किती वाजता?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हा मागच्या बाकावरून म्हणाला, "आज अष्टमी, म्हणजे सहाला."

"कसं काढलंस?"

"तिथीची पाऊणपट करायची. आजा तसंच करतो."

मी फळ्यावर लिहीत गेलो. चतुर्थी, चारची पाऊणपट तीन : भरती तीनला. अष्टमी : सहाला. एकादशी : सव्वाआठला. पोरं भराभर तोंडी सांगायला लागली. मी विचारलं, "सोळाव्या तिथीला?" तो हसला. "सर, सोळावी तिथी नसतेच. पुन्हा प्रतिपदा." फलनाच्या प्रांतात काय येतं आणि काय येत नाही, हे ज्या पोराला बारा मार्क होते त्याने मला सांगितलं, आणि तेही 'प्रांत' हा शब्द न ऐकता.

मग आम्ही खोलात गेलो. महिन्यात तीस तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकून मूळ जागी येते. चोवीस तास भागिले तीस, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. आजाचा नियम पंचेचाळीसच धरतो. तिथीमागे तीन मिनिटं कमी, म्हणून पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो. नियम म्हणतो सव्वाअकरा, भरती यायची साधारण बाराला. एका पोरीने विचारलं, "मग आजोबा चुकतात का?" तो मुलगा म्हणाला, "नाही चुकत. पुनवेला तो अंदाजाने वाढवतो." नियम, नियमाची मर्यादा आणि मर्यादेपाशी माणसाची अक्कल. एका तासात एवढं गणित माझ्या वर्गात त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या तासाला उलटा प्रश्न. "सकाळी अकरा वाजता खाडीत पाणी किती?" उत्तर एकच. "पाणी छातीएवढं कधी असतं?" उत्तरं चार : दोन भरत्या चढताना, दोन ओहोट्या उतरताना. वेळ सांगितली की पाणी ठरतं. पाणी सांगितलं की वेळ ठरत नाही. म्हणजे पाणी हे वेळेचं फलन आहे, वेळ हे पाण्याचं फलन नाही. व्याख्येचा गाभा एवढाच आहे : एक दिलं की एकच मिळालं पाहिजे. पुस्तकात हेच 'क्रमित जोड्यांचा असा संच की…' अशा वाक्यात असतं आणि त्या वाक्याच्या उंबरठ्यावर अर्धी पोरं अडखळून पडतात.

इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते फलन लवकर शिकवा म्हणणाऱ्यांशीच आहे. ते म्हणतात, बरोबर आहे तुमचं, आठवीपासूनच संच, बाण आणि व्याख्या सुरू करू. कृपा करा, तसलं काही करू नका. फंक्शन हा शब्द लायब्निझने सतराव्या शतकाच्या शेवटी गणितात आणला. ऑयलरने १७४८च्या आपल्या ग्रंथात फलन म्हणजे सूत्र अशी मांडणी केली. सूत्र असो नसो, एकाला एक ठरलेलं उत्तर मिळालं की पुरे, इथपर्यंत यायला डिरिश्ले आणि १८३७ साल उजाडावं लागलं. क्रमित जोड्यांचा संच ही व्याख्या विसाव्या शतकातली. जगातल्या मोठमोठ्या डोक्यांना ज्या टोकाला पोचायला अडीचशे वर्षं लागली, तिथून आपण तेरा वर्षांच्या पोराची सुरुवात करतो आणि त्याला कळलं नाही की त्याचं डोकं काढतो. १९६०च्या दशकात अमेरिका-फ्रान्सात 'नवं गणित' म्हणून हा प्रयोग झाला, संच आधी आणि जग नंतर, आणि तिथल्यांनाच तो आवरता घ्यावा लागला. त्याच्याही आधी, १९०५ साली, जर्मनीत फेलिक्स क्लाइन सांगत होता की शालेय गणिताच्या मध्यभागी अवलंबित्वाचा विचार ठेवा. क्लाइनचं ऐकायचं सोडून आपण व्याख्येच्या मागे लागलो.

सूत्राशिवायचं फलन दाखवायचं तर आपल्या घरचं उदाहरण आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. ८३१ घेतलं तर ८३१ वजा १३८, ६९३. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. आता कितीही वेळा करा, ४९५ हलत नाही. चार अंकी घेतली तर ६१७४. हेसुद्धा फलनच : संख्या आत गेली, ठरलेली संख्या बाहेर आली. वजाबाकी येणारं कुठलंही पोर ते करू शकतं आणि ४९५ आल्यावर दचकतं. एका शाळामास्तराने हे शोधलं, आणि आपल्या शाळांतल्या किती फळ्यांवर ते कधी लिहिलं गेलं?

राहता राहिलं ते चिन्ह. एफ, कंसात एक्स. अकरावीची पोरं वर्षानुवर्षं त्याला एफ गुणिले एक्स वाचतात. मीही शिकवणीत त्यांना रागावलोय. पण चूक त्यांची नाही. इतकी वर्षं आपणच शिकवलं की अक्षरापुढे कंस म्हणजे गुणाकार. मग एके दिवशी न सांगता अर्थ बदलला. मी वर्गात आधी शब्दच लिहायचो. बिल(१००). भरती(अष्टमी). हे कसं वाचायचं? मराठीने आपली सोय करून ठेवली आहे : शंभर युनिटांचं बिल. अष्टमीची भरती. आपला चा-ची-चे जे काम करतो तेच तो कंस करतो. भरती गुणिले अष्टमी असं कुठलंही पोर म्हणणार नाही.

आणि याहून गंमत पुढे आहे. फलनाचं फलन, म्हणजे संयुक्त फलन, अकरावीला पोरांना घाम फोडतं, कारण इंग्रजी चिन्हात जे आधी करायचं ते आत, उजवीकडे असतं. मराठीत बोला : उद्याच्या तिथीची भरती. आधी उद्या, मग त्याची तिथी, मग तिची भरती. ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने बोलायचं. आपल्या भाषेत ही गोष्ट सरळ आहे. आपण ती परक्या चिन्हात नेऊन उलटी केली आणि म्हटलं, खेड्यातल्या पोरांना गणित झेपत नाही. चिन्ह शिकवूच नका असं मी म्हणत नाही. पुढे जायचं तर ते आलंच पाहिजे. पण ते शेवटी येऊ द्या, ओळखीच्या गोष्टीचं टोपणनाव म्हणून.

पालक विचारायचे, "सर, हे परीक्षेत येणार का?" मी खरं सांगायचो, नाही. मग ते गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यात बरंच काही असायचं. तो कोळीवाड्यातला मुलगा त्या वर्षी नववीत नापास झाला. गणितातच. पेपरात भरती नव्हती. त्याला पास करायचं माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. तो बापाबरोबर होडीवर गेला. होडीवर जाण्यात कमीपणा काहीच नाही, पण आपल्याला गणित येत नाही असं समजून तो गेला, आणि हे खोटं होतं. ते खोटं मी, माझ्या शाळेने आणि पेपर काढणाऱ्यांनी मिळून त्याच्या गळी उतरवलं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नवा धडा नको, नवं पुस्तक नको, शिक्षकांना आणखी एक प्रशिक्षण तर मुळीच नको. सहावी-सातवीपासून जिथे जिथे दोन राशी एकत्र येतात, तिथे तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट कशावर अवलंबून आहे? ती दुप्पट केली तर ही दुप्पटच होईल का? आणि उलटं विचारलं तर उत्तर एकच येईल का? आठवीला ह्या उत्तरांचे तक्ते करा, आलेख काढा, वाकडे आले तर वाकडे राहू द्या. नववीला 'फलन' हा शब्द सांगा. आणि पेपरात दरवर्षी एक तरी गणित असं घाला, जिथे त्रैराशिक लावणाऱ्याचं उत्तर चुकेल. पेपरात आलं की वर्गात येतं, हे आपल्याकडचं सगळ्यात पक्कं फलन आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पाणी वाचवा म्हणून लोक रस्त्यावर आले. मीही गेलो होतो मोर्च्याला. मामा नाही आला. त्याला वाटायचं, आपणच पाणी विकलंय, आता कुठल्या तोंडाने जायचं? त्याला कसं सांगणार, की पाणी तू विकलंस, पण आकडा मी दिला होता?

मामा गेल्यावर ती वाडी वाटण्यांत गेली. विहीर अजून आहे. मध्यंतरी एका लग्नाला भुईगावला गेलो होतो, तेव्हा वाकून बघितलं. पाणी वरपर्यंत होतं, नितळ. बरोबर मामाचा नातू होता, आठवीतला. त्याला म्हटलं, "किती हात असेल रे?" तो म्हणाला, "आठ-नऊ. पण खारट आहे, आजोबा." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "हे असं कशाने होतं?"

आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो. मी खिशातून लग्नाची पत्रिका काढली आणि तिच्या मागे आलेख काढायला घेतला.